घर राखलं, वाट तुटली: वटवाघळांसाठी काम सुरू करणाऱ्यांना

या कामात मी नवी होते तेव्हा आमच्या गटानं एका जुन्या इमारतीतलं वटवाघळांचं ठिकाण वाचवलं. छपराची दुरुस्ती निघाली होती. ठेकेदाराशी बोलून आम्ही त्यांची आत-बाहेर जाण्याची फट तशीच ठेवून घेतली आणि पिल्लं उडायला लागेपर्यंत काम थांबवून धरलं. सगळे खूश होते. पुढच्या वर्षी त्या इमारतीपासून ओढ्यापर्यंत जाणारी झाडांची रांग मधोमध तोडली गेली आणि तिथे दिव्याचे खांब उभे राहिले. झाडांकडे आमच्यापैकी एकाचंही लक्ष नव्हतं. त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात मोजायला बसलो, तर फटीतून एकही वटवाघूळ बाहेर आलं नाही. छप्पर होतं तसं होतं, फटही होती तशी होती.

वटवाघळाला चार गोष्टी लागतात: दिवसा लटकायला जागा, प्यायला पाणी, खाणं मिळेल अशी जागा आणि या तिन्हींना जोडणारी वाट. पहिल्या तिन्ही आपल्याला दिसतात, दाखवता येतात, नकाशावर रंगवता येतात. वाट दिसत नाही, म्हणून आधी तीच तुटते. हा लेख आमच्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहिते आहे.

त्यांना वाट का लागते

जगात वटवाघळांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे साधारण एक वटवाघळाची. त्यामुळे "वटवाघळांना अमुक आवडतं" असं सरसकट विधान कुणी केलं की जरा थांबून कोणती वटवाघळं, ते विचारा. फळं खाणारी मोठी वटवाघळं मुख्यतः डोळ्यांनी आणि नाकानं वाट काढतात. कीटक खाणारी लहान वटवाघळं तोंडातून किंवा नाकातून आवाज सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पुढे काय आहे ते ओळखतात. आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. युरोपातल्या लहान नालनाक्या (नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेल्या) वटवाघळाचा आवाज ११० किलोहर्ट्झच्या आसपास असतो.

इतका उंच आवाज हवेत लगेच विरतो. काही मीटरच्या पुढचं त्या जीवाला जवळजवळ कळतच नाही. काळोख्या घरात आपण भिंतीला हात लावून चालतो, तसं ते झुडपांच्या रांगेला, ओढ्याच्या काठाला, दगडी बांधाला धरून उडतं. भिंत संपली की आपण थबकतो, तेही थबकतं. रांगेच्या आडोशाला वारा कमी असतो, किडे जास्त असतात आणि शिकारी पक्ष्यांपासून थोडं लपायलाही मिळतं. याउलट खालच्या पट्टीत आवाज काढणारी, लांब अरुंद पंखांची वेगवान वटवाघळं मोकळ्या आभाळातून सरळ निघून जातात. त्यांना रांग तोडल्याचा फारसा फरक पडत नाही. म्हणून आपल्याकडची वटवाघळं यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतात, ते आधी शोधायचं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू घालते. आकारानं चिमुकला असला तरी हा प्राणी भरपूर जगतो. सायबेरियात ओळखीसाठी कडं घालून सोडलेलं ब्रँड्ट जातीचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं होतं. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. उंदरांसारखी यांची संख्या वर्षा-दोन वर्षांत भरून येत नाही. एका हंगामात शंभर माद्या गेल्या, तर ती खोट भरायला अख्खी पिढी जाते.

पहिलं काम: ठिकाण शोधा आणि तिन्हीसांजेला बसा

ठिकाण शोधायला महागडं काहीच लागत नाही. इमारतीच्या छपराखाली, पुलाच्या सांध्यात, खडकाच्या कपारीत, जुन्या झाडाच्या ढोलीत जिथे अंगठ्याएवढी फट आहे तिच्या खाली बघा. भिंतीला किंवा पानांना काळपट लेंड्या चिकटलेल्या दिसतील. फटीच्या कडेला अंगाच्या तेलानं चकचकीत, तपकिरी डाग पडलेला असतो. उन्हाळी संध्याकाळी, बाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी, आतून किचकिच ऐकू येते.

लेंड्या उंदराच्या की वटवाघळाच्या, हे ओळखायची जुनी युक्ती आहे. काडीनं किंवा कागदात धरून दाबा. उंदराची वाळलेली लेंडी खड्यासारखी टणक असते. कीटकभक्षी वटवाघळाची लेंडी दाबताच भुगा होते आणि त्या भुग्यात बारीक चमचम दिसते. ती चमक म्हणजे रात्री खाल्लेल्या भुंग्यांच्या पाठी आणि पतंगांचे पंख. मी पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा हिरवट-सोनेरी तुकडे दिसले, एखाद्या दागिन्याची पूड झाल्यासारखे. ही परीक्षा उघड्या हातानं करू नका. बंदिस्त जागेत विष्ठेचा थर असेल तर मुखपट्टी लावल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. त्या धुळीत फुप्फुसाला त्रास देणारी बुरशी असू शकते.

आता मोजणी. सूर्यास्ताच्या पंधरा-वीस मिनिटं आधी जागेवर या आणि सूर्यास्तानंतर किमान तास-दीड तास हलू नका. फट आणि तिच्यामागे उजळ आभाळ दिसेल अशी बसायची जागा निवडा, म्हणजे अंधारातही बाहेर पडणारी सावली टिपता येते. एका फटीला एक माणूस. बाहेर आलं की एक खूण, परत आत गेलं की दुसरी, शेवटी वजाबाकी. टॉर्च लावायचा नाही, फोनचा पडदाही मंद करून उलटा ठेवायचा. फटीवर उजेड पडला तर वटवाघळं बाहेर पडायला उशीर करतात, आणि किडे सगळ्यात जास्त उडतात ती कातरवेळ त्यांच्या हातून निसटते.

नवखी माणसं हमखास एक चूक करतात. संख्या मोजण्यात इतकी रंगून जातात की दिशा लिहायची राहते. माझ्या मते संख्या दोन-चारनं चुकली तरी चालेल, पण फटीतून निघाल्यावर वटवाघूळ कुठे वळलं, किती उंचीवरून गेलं आणि कोणत्या झाडाच्या आड दिसेनासं झालं, हे लिहिलंच पाहिजे. त्याच टिपणावरून पुढची सगळी कामं ठरतात.

पहाटेची फेरीही एकदा तरी करा. सूर्योदयाआधी परतलेली वटवाघळं लगेच आत शिरत नाहीत. फटीसमोर पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात, टेकतात, सुटतात, परत येतात. संध्याकाळी सुटलेली जागा पहाटे अशी सहज सापडते. झाडातल्या ढोल्या तर मला बहुतेक पहाटेच मिळाल्या आहेत.

दुसरं काम: वाटेच्या मागे मागे जा

पहिल्या संध्याकाळी तुम्हाला वाटेची सुरुवात कळली. दुसऱ्या संध्याकाळी ती जिथे दिसेनाशी झाली, त्या झाडापाशी जाऊन बसा. तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास पावलं पुढे. चार-पाच जण असाल तर एकाच संध्याकाळी ओळीनं बसता येतं. प्रत्येकानं पहिलं वटवाघूळ आपल्यासमोरून कधी गेलं त्याची वेळ मिनिटासकट लिहायची. वेळा जुळवल्या की वाट आपोआप कागदावर उमटते. थर्मल कॅमेरा नसतानाही आम्ही अशा रीतीनं जवळपास दोन किलोमीटरची वाट शोधली होती. अकरा संध्याकाळी गेल्या, पण नकाशा पक्का झाला.

बॅट डिटेक्टर मिळाला तर उत्तमच. तो श्रवणातीत आवाज आपल्याला ऐकू येईल असा खाली उतरवून देतो. साध्या डिटेक्टरवर चकती फिरवत गेलं की कोणत्या पट्टीला आवाज सर्वांत स्पष्ट येतो ते कळतं, आणि जातीचा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणायचा. रेकॉर्डिंगवरून जात सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विसंबू नका; शंका असेल तर अनुभवी माणसाला आवाज ऐकवा आणि तोवर वहीत "ओळख पटलेली नाही" असं लिहा.

वाट सापडली की ती दोनदा पायी चाला, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. दिवसा खंड शोधा: झुडपांची रांग कुठे तुटते, दोन झाडांच्या फांद्यांत किती अंतर आहे, रस्ता कुठे आडवा येतो. पावलं मोजून लिहा. दहा मीटरच्या पुढचा प्रत्येक खंड मी नकाशावर लाल करते, कारण वाटेला चिकटून उडणाऱ्या लाजऱ्या जाती तिथे अडखळण्याची शक्यता असते. रात्री उजेड शोधा: कोणता दिवा कुणाचा, कुठे रोखलेला, किती वाजता बंद होतो. दिवसाचा आणि रात्रीचा नकाशा एकमेकांवर ठेवला की कुठे काम करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरं काम: अंधार परत मिळवा

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. झाड वाढायला दहा वर्षं लागतात, दिवा एका बटणात बंद होतो.

उजेड वाट तोडतो, ही नुसती समजूत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात लहान नालनाक्या वटवाघळांच्या नेहमीच्या झुडपी वाटांवर संशोधकांनी मुद्दाम रस्त्यावरच्यासारखे दिवे लावून पाहिले. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दिवे लागले त्या रात्रीपासून त्या वाटांवरची ये-जा एकदम घसरली आणि जी थोडी वटवाघळं आली तीही उशिरा आली. काही रात्रींनी सवय होईल म्हणावं, तर तसंही दिसलं नाही. झुडपं जिथल्या तिथेच होती. बदलला होता तो फक्त उजेड.

यावर एक वाद हमखास ऐकावा लागतो: "दिव्याखालीच तर रोज वटवाघळं फिरताना दिसतात!" दिसतात, खरं आहे. पांढऱ्या दिव्याभोवती किडे गोळा होतात आणि काही धीट, वेगवान जाती तिथे येऊन ते टिपतात. पण त्याच दिव्यामुळे लाजऱ्या जाती तिथून गेलेल्या असतात, आणि गेलेलं कुणाला दिसत नाही. शिवाय आसपासचे किडे दिव्याकडे ओढले गेल्यानं अंधारातली शिकारीची जागाही ओस पडते.

दिव्यांचं काम या क्रमानं करा. पहिला प्रश्न, हा दिवा इथे लागतो का? बरेच दिवे कुणीतरी कधीतरी लावले म्हणून जळत असतात. लागत नसेल तर काढा. लागत असेल तर किती वाजेपर्यंत, ते विचारा आणि टायमर किंवा हालचालीवर लागणारा सेन्सर बसवा. त्यानंतर त्याचं तोंड फिरवा: प्रकाश जमिनीवर पडला पाहिजे, झाडाच्या शेंड्यावर, पाण्यावर किंवा फटीवर नाही. वरून झाकण, खांबाची उंची कमी, वाटेकडच्या बाजूला आडोसा. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. नेदरलँड्समध्ये जंगलाच्या कडेला पांढरे, हिरवे आणि लाल दिवे लावून झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लाजऱ्या जातींनी पांढरा आणि हिरवा उजेड टाळला, लाल उजेडात मात्र त्या अंधारात असतात तितक्याच आढळल्या. त्याच देशात न्यूकोपजवळच्या एका नव्या वस्तीत रस्त्यांना लाल एलईडी दिवे बसवलेले आहेत. तरीसुद्धा "लाल दिवा चालतो" म्हणून नवा दिवा लावू नका. अंधाराइतकी खात्री कुठलाच रंग देत नाही.

माणसांच्या सुरक्षेची काळजी खरी असते, तिला उडवून लावू नका. रात्री त्या वाटेनं कोण जातं, त्यांना कुठे भीती वाटते, हे आधी विचारा. आम्ही एका ठिकाणी सहा उंच खांबांऐवजी गुडघ्याएवढे, खाली तोंड असलेले दिवे सुचवले. पायाखालचं आधीपेक्षा नीट दिसू लागलं, असं चालणाऱ्यांनीच सांगितलं.

चौथं काम: खंड जोडा

खंडात लावायला तिथलीच, त्या मातीतली झाडं-झुडपं निवडा. परदेशी शोभेच्या झाडावर स्थानिक किडे फार येत नाहीत आणि किडे नाहीत तर वाट कोरडी. रांग एकाच उंचीची नको. खाली दाट झुडूप, मध्ये मध्ये उंच झाड. सबंध रांग एकाच वर्षी छाटू नका. एका वर्षी एक बाजू किंवा एक तुकडा, बाकीचं तसंच. नवी रोपं मोठी होईपर्यंत तोडलेल्या फांद्या खुंटांच्या मध्ये रचून उंच बांधासारखा आडोसा करता येतो. दिसायला ओबडधोबड वाटतो, पण प्रतिध्वनी देतो, आणि सध्या तेवढंच हवं असतं.

खंड म्हणजे मोठा रस्ता असेल तर प्रकरण अवघड. ब्रिटनमध्ये रस्त्यावरून तारा ताणून "वटवाघळांचे पूल" बांधले गेले. तारांच्या आधारानं वटवाघळं उंचावरून पलीकडे जातील, अशी कल्पना. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष मोजलं तेव्हा फारच थोडी वटवाघळं त्या तारांजवळून गेली. बाकीची पूर्वीच्याच जागेवरून, वाहनांच्या उंचीवर रस्ता ओलांडत राहिली. रस्त्याखालच्या बोगद्यांपैकी जो जुन्या वाटेवर नेमका आला होता आणि पुरेसा उंच होता, त्याचा मात्र बहुतेक वटवाघळांनी वापर केला. माझ्या दृष्टीनं यातला धडा मोलाचा आहे: वटवाघळं आपल्या सोयीच्या जागी येत नाहीत, आपण त्यांच्या वाटेवर जायचं असतं. छोट्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची झाडं वाढू देऊन फांद्या वर एकमेकींना भिडू दिल्या, तरी वाहनांच्या वरून सुरक्षित वाट तयार होते.

काही वाटा देशांच्या सीमा ओलांडतात. लाटव्हियात कडं घातलेलं नथुसियस जातीचं एक इवलंसं वटवाघूळ २,२२४ किलोमीटर दूर स्पेनमध्ये सापडलं होतं. मेक्सिकोतून अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे जाणारं लांबनाक्या वटवाघूळ निवडुंगांच्या आणि अगेव्हच्या (घायपाताच्या) फुलांमागे सरकत जातं. जिथे फुलोरा तुटला तिथे त्याची वाट तुटली. १९८८ साली अमेरिकेनं त्याला धोक्यातल्या जातींत घातलं तेव्हा हजाराहून कमी वटवाघळं माहीत होती. गुहा जपल्या, फुलझाडं राखली, दोन्ही देशांत माणसं कामाला लागली आणि संख्या दोन लाखांच्या आसपास गेली. २०१८ साली ते त्या यादीतून बाहेर आलं. एवढी लांब वाटसुद्धा अखेर एकेका फुलणाऱ्या माळाची बनलेली असते, आणि त्यातला एक माळ तुमच्याजवळचा असू शकतो.

पाचवं काम: मुक्कामाची जागा

गुहेबद्दल नवख्यांना माझं एकच सांगणं: जाऊ नका. थंड प्रदेशात शीतनिद्रेत असलेल्या वटवाघळाला तुमच्या पावलांनी, उजेडानं, श्वासाच्या उबेनंही जाग येते. जागं व्हायला त्याची अनेक दिवस पुरणारी चरबी जळते, आणि बाहेर खायला काही नसतं. ते तिथल्या तिथे मरत नाही, पुढे कधीतरी मरतं, म्हणून आपल्यामुळे मेलं हे आपल्याला कळतच नाही. पिल्लांच्या हंगामात माद्या दचकल्या की पिल्लं खाली पडतात.

दुसरं कारण बुरशीचं. २००६ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं पहिल्यांदा दिसली. "व्हाइट-नोज सिंड्रोम" नावानं ओळखल्या जाणाऱ्या या रोगानं उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मारली. ही बुरशी युरोपात आधीपासून होती आणि माणसांच्या बुटा-कपड्यांबरोबर पलीकडे गेली असावी, असं मानलं जातं. अभ्यासासाठी जाणारे म्हणूनच एका गुहेतलं सामान निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या गुहेत नेत नाहीत.

गुहेत माणसांची वर्दळ असेल तर तोंडाशी फाटक लावायचा मोह होतो. घाई करू नका. वटवाघळांसाठी केलेल्या फाटकाचे गज आडवे असतात, त्यांच्यामध्ये साधारण १५ सेंटीमीटर मोकळी जागा असते, आणि आतली हवा पूर्वीसारखी खेळती राहावी लागते. काही जाती, विशेषतः मोठ्या थव्यानं वेगात बाहेर पडणाऱ्या, फाटक स्वीकारतच नाहीत. तिथे तोंडापासून दूर कुंपण आणि हंगामी बंदी बरी. हे काम आधी केलेल्या माणसाशिवाय हातात घेऊ नका.

इमारतीचं काम असेल तर वेळ सांभाळा: पिल्लं आत असताना आणि शीतनिद्रेच्या काळात काहीच नाही. लाकडाला कीडनाशक मारायचं असेल तर ते सस्तन प्राण्यांना घातक नाही याची खात्री करा. एकेकाळी वापरलं जाणारं लिंडेन वटवाघळांच्या जिवावर उठलं होतं. पूलही विसरू नका. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९८० साली पूल नव्यानं बांधला, त्याच्या खालच्या भेगांत वटवाघळं राहायला आली. सुरुवातीला लोक घाबरले, हाकलायच्या गोष्टी झाल्या. आज तिथे उन्हाळ्यात सुमारे १५ लाख वटवाघळं असतात आणि ती बाहेर पडताना बघायला माणसं पुलावर गर्दी करतात.

झाडांबाबत: वाळकं झाड धोक्याचं नसेल तर उभं राहू द्या. सैल झालेली साल, सुतार पक्ष्यानं टोचलेलं भोक, वीज पडून चिरलेलं खोड, ही सगळी राहती घरं आहेत. एका ढोलीतली वटवाघळं दर काही दिवसांनी दुसरीकडे हलतात, म्हणून एकच झाड राखून भागत नाही, आसपासची अनेक लागतात.

आणि खोके. प्रत्येक नव्या गटाला पहिल्यांदा लाकडी खोके टांगावेसे वाटतात. टांगा, पण त्यावर समाधान मानू नका. खोका चार मीटरहून उंच हवा, आतल्या फळ्या खरखरीत, फट साधारण दोन-अडीच सेंटीमीटर, समोर उडायला मोकळी जागा आणि जवळपास दिवा नको. उष्ण भागात भर उन्हात टांगलेला खोका आत ४० अंशांच्या वर तापतो आणि पिल्लं त्यात मरतात. म्हणून वेगवेगळ्या दिशांना तोंड करून दोन-तीन टांगावेत, एकाला दुपारची सावली मिळेल असं बघावं. ढोलीचं झाड तोडून "बदल्यात खोका देतो" असं कुणी म्हटलं, तर ती भरपाई मानू नका.

पाणी, तारा, जाळ्या, पाती

वटवाघूळ उडता उडता पाण्याला तोंड लावतं, त्यामुळे त्याला काही मीटर लांब, मोकळा, शांत पृष्ठभाग लागतो. पाण्याच्या टाकीवरून आडव्या तारा गेल्या असतील तर त्या हलवा, आणि पडलेल्या जिवाला चढून येता यावं म्हणून कडेला खरखरीत उतरती फळी ठेवा.

काटेरी तारेत अडकलेलं फळवटवाघूळ एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पंखाचा पडदा तारेभोवती गुंडाळला जातो आणि ते जितकं सुटू पाहतं तितका तो फाटतो. वाटेवरच्या कुंपणाची निदान सर्वांत वरची तार साधी करा. फळझाडांवरच्या जाळीसाठी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा २०२१ पासूनचा नियम सोपा आहे: जाळी ताणल्यावर भोक ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरहून मोठं नको. बोट आत जात असेल तर ती जाळी घातक समजा.

पवनचक्क्यांना विरोधच करायला हवा असं नाही. वटवाघळं मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात. त्या रात्री वीजही थोडीच निघते. स्थलांतराच्या हंगामात मंद वाऱ्यात पाती थांबवून ठेवल्यावर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका प्रयोगात मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. तुमच्या भागात पवनचक्की येत असेल तर हीच मागणी करा.

शेजाऱ्यांशी बोलताना, आणि स्वतःच्या सुरक्षेसाठी

उघड्या हातानं वटवाघूळ कधीही उचलू नका, पिल्लूसुद्धा. काही वटवाघळांमध्ये रेबीज किंवा त्याच्याशी नात्यातले विषाणू असतात. चावलं, ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लशीबद्दल विचारा. जखम दिसत नाही म्हणून टाळाटाळ नको. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ दिसलं तर त्यावर खोकं पालथं घाला आणि प्रशिक्षित माणसाला बोलवा.

रोगाच्या भीतीनं कुणी "जाळून टाका, हाकलून द्या" म्हणालं तर त्यांना युगांडातल्या किटाका खाणीबद्दल सांगा. २००७ साली तिथल्या खाणकामगारांना मारबर्ग या जीवघेण्या तापाच्या विषाणूची लागण झाली, त्यानंतर तिथली वटवाघळं मारून टाकण्यात आली. काही वर्षांनी नवी वटवाघळं येऊन राहिली, आणि त्यांच्यात विषाणूचं प्रमाण आधीपेक्षा जास्त आढळलं. ऑस्ट्रेलियात फळवटवाघळांचं हिवाळ्यात फुलणारं जंगल कमी झालं तसं ती माणसांच्या आणि घोड्यांच्या जवळ आली, आणि त्यांच्यातला हेन्ड्रा विषाणू घोड्यांमध्ये उतरण्याच्या घटना वाढल्या. वटवाघळांना त्यांच्या जागी नीट राहू देणं आपल्याही तब्येतीच्या हिताचं आहे, हे मी आता बिनदिक्कत सांगते.

फायद्याचं बोलायचं तर शेतकऱ्यांना एक गोष्ट पटते. अमेरिकेत बुरशीच्या रोगानं वटवाघळं संपली त्या भागांत शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढल्याचं २०२४ सालच्या अभ्यासात दिसलं. फुकट मिळणारं काम थांबलं, तेव्हा त्याची किंमत कळली.

सहावं काम: कागद

तुमच्या देशातला कायदा वाचा. काही ठिकाणी फक्त प्राण्याला संरक्षण असतं, काही ठिकाणी जागेलाही. ब्रिटनमध्ये वटवाघळं त्या घडीला आत नसली तरी त्यांची जागा संरक्षित असते. युरोपात वटवाघळांच्या संरक्षणासाठी १९९१ साली झालेल्या युरोबॅट्स करारात मुक्कामांबरोबर चरण्याच्या जागांचाही विचार आहे. पण कुठलाही कायदा तुमच्या वाटेवरचं नेमकं झाड ओळखत नाही. ते तुम्ही दाखवायचं असतं, आणि तेही रस्त्याचा किंवा बांधकामाचा आराखडा अजून कागदावर असताना. कुऱ्हाड लागल्यावर नकाशा घेऊन धावण्यात अर्थ नसतो. हे आम्ही भोगलं आहे.

नोंदवहीत प्रत्येक बैठकीची तारीख, सूर्यास्ताची वेळ, तापमान, वारा, पाऊस, बसायची जागा, पहिलं वटवाघूळ किती वाजता, एकूण किती, कोणत्या दिशेला, हे लिहा. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी बसा. एकही दिसलं नाही तर पान कोरं सोडू नका. तारीख, हवामान आणि शून्य लिहा. आमच्या त्या इमारतीची कितीतरी पानं अशी शून्यांची आहेत. ओढ्यापर्यंतची रांग पुन्हा लावायची आणि मधले दिवे काढायची परवानगी आम्हाला मिळाली, ती रांग तुटण्याआधीच्या मोजण्या आणि नंतरची ही शून्यं एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर.